लडाखला जाताना वाटेत सांगली

साताऱ्याहून लडाखला जायचं तर माणूस पुण्याच्या रस्त्याला लागतो. एवढं कळायला नकाशा लागत नाही. आणि हंबीररावांनी तर चोवीस वर्षं सैन्यात ट्रक चालवलेला, त्यातली सहा वर्षं लडाखात. तिथून सुटल्यावर अकरा वर्षं शिरवळच्या एका कारखान्याची बस. रस्त्याच्या बाबतीत त्यांना कुणी शहाणपण शिकवावं असं फारसं कधी घडलं नव्हतं. म्हणून निघायच्या चार दिवस आधी साळूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या की आधी सांगलीला जायचं, तिथं एक मुक्काम करायचा आणि मग पुढं, तेव्हा त्यांना वाटलं बायको चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. त्यांनी समजावून बघितलं. सांगली दक्षिणेला, लडाख उत्तरेला. सव्वाशे किलोमीटर उलटं जायचं ते कशाला? परत आल्यावर जाऊ की, हवं तर दोन दिवस राहू. साळूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "न्हाई. आधी जायचं. त्याबिगर माझा पाय पुढं पडायचा न्हाई."

"तिथं आपलं कोण हाय?"

"हाय. गेल्यावर कळंल."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. साळूबाई कधी काही मागायच्या नाहीत, पण एकदा मागितलं की मग दगडावरची रेघ, हे हंबीररावांना पुरतं माहीत होतं. त्यांनी वाद सोडला.

खरं तर हा सगळा प्रवासच साळूबाईंसाठी होता. रजेवर आले की हंबीरराव त्यांना लडाखच्या गोष्टी सांगायचे. झाडाचं पान दिसत नाही असे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी हिरव्या काचेसारखी नदी, जर्दाळूची झाडं, आणि आभाळ इतकं जवळ की हात वर केला तर बोटाला निळा रंग लागावा. साळूबाई ऐकायच्या. त्यांची धाव शेतापासून साताऱ्याच्या बाजारापर्यंत आणि लेकीचं लग्न झाल्यापासून फार तर पुण्यापर्यंत. "सुटलो की तुला दावतो," असं हंबीरराव म्हणाले होते. सैन्यातून सुटले तर शिरवळची नोकरी लागली. मार्चमध्ये तीही संपली, तेव्हा त्यांनी एक जुनी बोलेरो घेतली, मागची सीट काढून तिथं फळी ठोकली, फळीवर गादी टाकली. खाली स्टोव्ह, पाण्याचे कॅन, साळूबाईंची परात आणि तवा. लेक अंकिता पुण्याहून येऊन कुठं कुठं थांबायचं ते फोनमध्ये घालून देऊन गेली. जाताना आईच्या कानाशी लागून काहीतरी बोलली, ते हंबीररावांनी बघितलं होतं. पण मायलेकींच्या बोलण्यात पडायची त्यांना सवय नव्हती.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, गाडी गोडोलीतल्या घरासमोरून निघाली आणि हायवेला लागून कराडच्या दिशेला वळली. हंबीररावांना मनातून ते खटकलंच. शेजारच्यांनी नारळ फोडून लडाखच्या वाटेला लावलं आणि ही स्वारी निघाली सांगलीला.

उंब्रज गेलं, कराड गेलं. एरवी साळूबाई गाडीत बसल्या की रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायच्या. चौथीपर्यंतच शाळा झालेली. अक्षर लागलं की त्यांना आनंद व्हायचा. आज त्या गप्प होत्या. मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. पिशवीत एक नवं लुगडं आणि पाच किलो वाघ्या घेवडा, गावाकडच्या रानातला. पेठनाक्याला चहा घेताना हंबीररावांनी शिदोरीतली चटणी चाखली आणि म्हणाले, "हिच्यात लसूण न्हाई व्हय?"

"न्हाई घातला. ती माणसं लसूण खात न्हाईत."

तेवढ्यावरून त्यांना एवढंच कळलं की जायचं ते घर जैनांचं असणार. सांगलीच्या जैनांशी आपल्या बायकोचा काय संबंध, याचा काही पत्ता लागेना. आष्टा ओलांडून कृष्णेवरचा पूल येईपर्यंत त्यांनी दोन-तीन अंदाज बांधून बघितले आणि सोडून दिले.

विश्रामबागेच्या एका गल्लीत, दारात पारिजातक असलेलं दुमजली घर होतं. गाडी थांबली तेव्हा सोप्यात एक सत्तरीची बाई पाय लांब करून झोपाळ्यावर बसलेली होती. साळूबाई फाटक उघडून आत गेल्या आणि पायरीशीच थांबल्या. त्या बाईनं चष्मा सारखा केला, नीट बघितलं. "कोण आपण" नाही, "या, बसा" नाही. ती म्हणाली, "अंकिता कशी आहे गं?"

साळूबाई पुढं झाल्या. त्यांनी वाकून बाईंचे दोन्ही पाय धरले आणि तिथंच पायरीवर बसल्या. बाईंनी त्यांचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. हंबीरराव फाटकात घेवड्याची पिशवी धरून उभे. ह्या अनोळखी बाईला आपल्या लेकीचं नाव कसं ठाऊक, हे त्यांना कळेना. आणि बायकोला असं रडताना त्यांनी सासूच्या मयतालाही बघितलं नव्हतं.

बाईंचं नाव प्रभावती. आतून त्यांचे यजमान आले, जवाहर मगदूम. पंचाहत्तरीचे, सडसडीत, पांढरा सदरा आणि पांढरा लेंगा. भांड्यांचं दुकान होतं, ते आता मुलगा सन्मती बघायचा. साळूबाई त्यांना अण्णा म्हणत होत्या आणि प्रभावतींना अक्का. जवाहर अण्णांनी हंबीररावांचे दोन्ही हात हातात घेतले, बराच वेळ सोडलेच नाहीत, आणि म्हणाले, "तुम्हाला एकदा बघायचं होतं." एवढंच.

जेवणं झाली. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर होती, वर तूप. जेवताना कुणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. उन्हाची काहिली बाहेर, आत पंखा. जेवण आटोपल्यावर साळूबाई पदरानं हात पुसत नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

"तुमाला एक सांगायचं हाय," त्या म्हणाल्या. "तेवीस वर्सं सांगितलं न्हाई. त्या बर्फाच्या रस्त्यावर तुमी मला न्हेणार, आन मी पोटात ह्ये ठिवून तुमच्या शेजारी बसणार, ते मला जमंना. म्हणून हितं आणलं."

मग त्यांनी सांगितलं.

सैन्याची सीमेवर जमवाजमव झाली होती, त्या वर्षीचा हिवाळा. सगळ्यांच्या रजा बंद झाल्या होत्या. हंबीरराव लेहच्या पुढं, खारदुंगच्या घाटात रसद घेऊन जात होते. त्याच डिसेंबरात सहा वर्षांच्या अंकिताला ताप आला. दोन दिवस साताऱ्यात दवाखाना झाला, तिसऱ्या दिवशी पोरीची शुद्ध गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूज्वर आहे, मिरजेला न्या. धाकटा दीर बाळासो जीप करून घेऊन गेला. पण उसाला तोड आली होती, आणि बाळासोला चार दिवसांत परतावं लागलं. साळूबाई मिरजेच्या दवाखान्यात एकट्या उरल्या. ओळखीचं कुणी नाही. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, ती प्रभावतींची सासू.

"मी सकाळ-संध्याकाळ सासूबाईंचा डबा घेऊन जायची," प्रभावती म्हणाल्या. "ही तिथं भिंतीला टेकून बसलेली. दोन दिवस काही खाल्लं नव्हतं हिनं. तिसऱ्या दिवशी मी डबा दोघींचा नेला."

म्हातारी आठ दिवसांत बरी होऊन घरी आली. डबा मात्र जातच राहिला. दिवस मावळायच्या आत, साडेपाचच्या ठोक्याला, एकेचाळीस दिवस. दुपारी प्रभावती पोरीजवळ बसायच्या आणि साळूबाईंना सांगलीला घरी पाठवायच्या, अंघोळ कर, तासभर पड आणि ये म्हणून. ह्यांच्या जुन्या घरात, मागच्या खोलीत.

हंबीरराव ऐकत होते. त्यांना एवढंच कळवलं गेलं होतं की अंकिताला मध्यंतरी ताप येऊन गेला. एकदा त्यांनी तासभर रांगेत उभं राहून गावच्या सरपंचाच्या घरी फोन लावला होता, तर बाळासो म्हणाला होता, वहिनी माहेरी गेल्यात, मजेत हायत. चौदा महिन्यांनी ते रजेवर आले तेव्हा पोर वाळलेली दिसली. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला मागून हाक मारली, एकदा, दोनदा. ती वळलीच नाही, तेव्हा ते कडाडले होते, आणि पोर दचकून आईला बिलगली होती. सर्दीनं डावा कान गेला, असं साळूबाईंनी तेव्हा सांगितलं. त्यांनी ते खरं मानलं. आज कळलं की तो कान त्या तापात गेला होता.

"का न्हाई कळवलंस?" त्यांनी विचारलं.

"दगडाबाईचा उदयसिंह आठवतो तुमाला?"

आठवत होता. शेजारच्या वाडीतला, त्यांच्यासारखाच सैन्यात ट्रकवर. त्याच वर्षी आषाढात त्याची गाडी दरीत गेली होती. त्याच्या आदल्या दिवशी बापाला लकवा मारल्याचं पत्र त्याला मिळालं होतं, असं गावात बोलत. खरं-खोटं कुणालाच माहीत नव्हतं.

"मी दगडाबाईच्या दारात बसून आल्ते," साळूबाई म्हणाल्या. "तवाच ठरवलं. पोरीचं काय व्हायचं ते देवाच्या हातात. तुमचे हात तरी थरथरायला नकोत."

"आन पत्रं?" हंबीरराव म्हणाले. "तुझी पत्रं येत व्हती की मला. त्या म्हैन्यात तर पाच आली."

साळूबाईंनी जवाहर अण्णांकडं बघितलं. अण्णा मान खाली घालून बसले होते.

"ती मी लिहिली," ते म्हणाले.

आता त्या पत्रांचं सांगायला हवं. साळूबाईंना लांबलचक लिहिता यायचं नाही, म्हणून गावातले गुरुजी त्यांच्या वतीनं, पण आपल्या शब्दांत, त्यांची पत्रं लिहून द्यायचे. त्या हिवाळ्यात अक्षर बदललं, ते हंबीररावांच्या लक्षात आलं होतं. गुरुजींची बदली झाली असेल म्हणून त्यांनी विचार केला नाही. पण पत्रं मात्र त्यांनी पाठ केली होती. शेगडीभोवती बसून बरोबरच्या जवानांना वाचून दाखवायचे. त्यात मोठं काही नसायचं. 'अंकिता आज खिडकीतून कबुतरं बघत होती.' 'काल रात्रीपेक्षा आज ती दोन घास जास्त जेवली.' 'साळूबाईंना कुणी एकटं पडू दिलेलं नाही.' 'घाटात सावकाश चला, तुमची वाट बघणारी माणसं इथं आहेत.' आणि एका पत्राची सुरुवातच अशी होती: 'आज अंकितानं आईला हाक मारली.' ते वाचल्यावर अर्जुना नावाचा जोडीदार हसून म्हणाला होता, "ह्यात लिवण्यासारखं काय हाय रं? पोर आईला हाक मारणारच की." हंबीररावही हसले होते. तरी त्या रात्री झोपेपर्यंत ते एक वाक्य त्यांनी मनात पुन्हा पुन्हा म्हटलं होतं, का ते त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"त्या दिवशी काय झालतं, अण्णा?" त्यांनी विचारलं. "हाक मारली, असं लिवलं व्हतं तुमी."

अण्णांनी मान वर केली. "दहा दिवस तिनं डोळे उघडले नव्हते," ते म्हणाले. "दहाव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिच्या वडलांना बोलवून घेता येत असेल तर बघा. मी साळूबाईंना ते सांगितलं नाही. अकराव्या दिवशी दुपारी पोरीनं डोळे उघडले आणि आई म्हणाली. निरोप आला तसा मी दुकान तसंच टाकून घरी आलो आणि पत्र लिहायला बसलो."

हंबीरराव उठले. बाहेर गाडीकडं गेले. बॉनेट उघडलं, ऑईलची कांडी काढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. चारी चाकांना हात लावून बघितला. ऊन डोक्यावर होतं. राग होता; तो कुणावर ते ठरेना. बायकोवर म्हणावं तर तिनं एकेचाळीस दिवस जे सोसलं होतं त्याच्यापुढं स्वतःचा राग त्यांना लहान वाटायला लागला. आणि ज्या वेळी आपण शेगडीजवळ बसून हसत होतो, त्या वेळी आपली पोर दवाखान्यात कशा अवस्थेत होती, ह्याचा हिशेब मनात लागेना. पोरीवर कडाडलो होतो ते तर राहून राहून आठवत होतं.

थोड्या वेळानं अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. गाडीच्या सावलीत दोघं उभे राहिले.

अण्णा हळूहळू बोलले. साळूबाईंनी जेव्हा पत्र लिहून मागितलं, सगळं ठीक आहे असं लिहा म्हणून, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं होतं. खोटं लिहिणं त्यांच्यानं होणार नव्हतं. त्यावर साळूबाई म्हणाल्या होत्या, मग खोटं लिहू नका, पण सगळं खरंही लिहू नका. दोन दिवस अण्णांनी विचार केला. मग त्यांनी ठरवलं की जे लिहायचं ते अक्षर न् अक्षर खरं असलं पाहिजे. दवाखान्याला खिडकी होती, तिच्यावर कबुतरं होती. पोर दोन घास जास्त जेवली होती. साळूबाई खरंच एकट्या नव्हत्या. पत्राला बसले की असं एखादं खरं वाक्य ते शोधायचे. काही दिवस एकही सापडायचं नाही. त्या दिवशी ते पत्रच लिहायचे नाहीत.

"एकही ओळ खोटी नाही," अण्णा म्हणाले. "पण लपवलं, हे खरं. बापापासून लपवलं. क्षमावाणीच्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. माझ्या यादीत तुमचं नाव दरवर्षी असतं, हंबीरराव. तुम्हाला बघितलं नव्हतं तरी. आज समोर आहात, म्हणून समोर मागतो."

आणि त्या पंचाहत्तरीच्या माणसानं हात जोडले.

हंबीररावांनी ते हात धरून खाली केले.

"अण्णा, खरं लिवलं असतं तर काय झालं असतं, मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "माघाच्या आधी घाटात कडा सुटला. माझ्या म्होरची गाडी गेली. माझी ऱ्हायली. का ऱ्हायली ते देवाला म्हाईत. पण माझे हात त्या वक्ताला थरथरत नव्हते, येवढं मला ठाऊक हाय. तुमची पत्रं खिशात व्हती. तुमी क्षमा कशाची मागता?"

अण्णांनी तांब्या पुढं केला. हंबीरराव पाणी प्यायले, उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं. मग बॉनेट लावून दोघं आत आले.

बाकीची दुपार अशी गेली की कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ही चार माणसं रोजच एकमेकांकडं येत-जात असतील. प्रभावतींनी लुगडं लगेच नेसून दाखवलं. घेवडा बघून त्या खूश झाल्या. सांगलीत असला मिळत नाही, म्हणाल्या. एवढी वर्षं का आली नाहीस, असं त्यांनी साळूबाईंना विचारलं, पण रागानं नाही. साळूबाईंनी सांगितलं की पहिली काही वर्षं भीती वाटायची, आले तर नवऱ्याला कळेल. मग पुरात ह्यांचं जुनं घर बुडाल्याचं कळलं आणि नवा पत्ता लागेना. शेवटी ह्या वर्षी अंकितानं दुकानाचं नाव आठवून फोनवर शोधून काढलं. अंकिताला सगळं माहीत आहे, हे तेव्हा हंबीररावांना कळलं. लेक पंधरा वर्षांची झाली तेव्हाच साळूबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, आणि बापाला मी सांगेन तेव्हाच कळू दे, असं वचन घेतलं होतं.

दिवस मावळायच्या आत जेवणं झाली. नंतर हंबीरराव गच्चीवर गेले आणि अंकिताला फोन लावला. मग त्यांनी सरळ सांगितलं, की लहानपणी मी तुला एकदा मागून हाक मारून ओरडलो होतो, तुझा कान गेला होता ते मला ठाऊक नव्हतं, माझं चुकलं. अंकिता म्हणाली, "मला ते आठवतसुद्धा नाही, बाबा. मला त्या रजेतलं एवढंच आठवतं की तुम्ही मला पाटीवर बर्फातला ट्रक काढून दाखवला होता, आणि त्याला चारऐवजी सहा चाकं काढली म्हणून मी हसत होते." हंबीरराव म्हणाले, "त्याला सहाच चाकं असतात." तीही हसली, तेही हसले.

खाली सोप्यात साळूबाई एकट्या बसल्या होत्या. हंबीरराव जाऊन शेजारी बसले.

"तू एकलीनं सोसलंस," ते म्हणाले.

"एकली कुठं?" साळूबाई म्हणाल्या. "म्हणून तर तुमाला हितं आणलं."

सकाळी सहाला गाडी निघायची तयारी झाली. आता परत साताऱ्याकडं कशाला जाता, असं अण्णांनीच सुचवलं. मिरजेवरून सोलापूरचा नवा रस्ता धरा, तोच पुढं नागपूरला जातो, रुंद आहे आणि गर्दी कमी. हंबीररावांनी फोनमध्ये बघितलं, खरंच होतं. अंतर थोडं वाढत होतं, पण रस्ता सरळ होता. प्रभावतींनी भडंगाचा मोठा डबा आणि दशम्या दिल्या, वर बजावलं की दशम्या तीन दिवस टिकतील, पण दुसऱ्याच दिवशी संपवा. साळूबाई पाया पडल्या. हंबीररावही पडले. आयुष्यात त्यांनी देव, आईबाप आणि गुरुजी ह्यांच्यापलीकडं कुणापुढं मान वाकवली नव्हती. अण्णा मागं सरकत होते, पण त्यांनी ऐकलं नाही.

"पोरीला घेऊन या," प्रभावती म्हणाल्या.

"आणतो. येताना ह्याच रस्त्यानं येतो," हंबीरराव म्हणाले.

मिरज जवळच. गावात शिरल्यावर हंबीररावांनी विचारलं, "तो दवाखाना कुठल्या अंगाला?" साळूबाईंनी वाट दाखवली, तेवीस वर्षांत बरंच बदललं होतं, तरी एकदाही चुकल्या नाहीत. फाटकासमोर गाडी थांबली. इमारतीला नवा रंग होता, पुढं एक नवी माडी उठली होती. फाटकावरचा वॉचमन उठून आला. "कुणाला भेटायचंय? वेळ नऊनंतर आहे," तो म्हणाला.

"कुणाला न्हाई," हंबीरराव म्हणाले. "आमचं लेकरू हितनं बरं हून घरी गेलं व्हतं."

"कधी?"

"तेवीस वर्सं झाली."

वॉचमननं त्यांच्याकडं बघितलं, मागं उभ्या साळूबाईंकडं बघितलं. साखळी काढली आणि म्हणाला, "जावा, पण फक्त पायरीपर्यंत. आणि गाडी जरा बाजूला घ्या, अँब्युलन्स येतीय."

हंबीररावांनी गाडी बाजूला घेतली. चप्पल काढून पायरीपर्यंत गेले, वाकून तिला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. तेवढ्यात अँब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून एका म्हाताऱ्याला उतरवत होते आणि त्याच्या मागं एक बाई भांबावून उभी होती, हातात प्लास्टिकची पिशवी, कुठं जायचं ते कळत नाही अशी. साळूबाई तिच्याजवळ गेल्या. काहीतरी विचारलं, दंडाला धरून आत खिडकीपर्यंत घेऊन गेल्या, कागद कुठं द्यायचा ते दाखवलं. मग गाडीकडं आल्या, भडंगाचा डबा काढला, जाऊन त्या बाईच्या पिशवीत ठेवला आणि परत येऊन आपल्या जागेवर बसल्या.

हंबीररावांनी गाडी सुरू केली.

मिरज मागं पडलं. दोन्ही बाजूंना आधी ऊस, मग द्राक्षांचे मांडव, मग ते विरळ होत गेले आणि उघडं माळरान लागलं. रस्ता खरंच रुंद होता. साळूबाई पाट्या वाचायला लागल्या होत्या. कवठे महांकाळ. सांगोला, किती किलोमीटर. मंगळवेढा. सोलापूर. एका पाटीवर नागपूर लिहिलेलं होतं, ते त्यांनी दोनदा वाचलं.